शिगेचं माप

गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलं होतं, "आजी, मामाच्या शेडमध्ये पोती कशाची?" मी फोन फिरवून तुम्हाला फराळाची ताटं दाखवली. उत्तर लांबलचक होतं आणि तुमच्याकडे सकाळची शाळेची घाई चालू होती. आता सवड आहे. पहिल्यापासून सांगते.

पोती सोयाबीनची आहेत. शेड एका अडत्याला भाड्याने दिली आहे.

मी मूळची नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. तुमच्या आजोबांची औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड होती. डाळ मिलच्या यंत्रांचे सुटे भाग ते लेथवर करून देत. ते गेल्यावर तुमचा मामा चाकणची नोकरी सोडून परत आला. लेथ त्याने कोपऱ्यात सरकवला आणि मधल्या जागेत संगणकावर चालणारं मिलिंग मशीन बसवलं. पहिल्या दिवशी मला खुर्ची टाकून समोर बसवलं आणि म्हणाला, "आई, बघ, हात लावायचा नाही. फाइल टाकली की आपोआप कापतं." काचेच्या आत दुधासारखं पाणी उडत होतं आणि लोखंडाचा ठोकळा हळूहळू आकार घेत होता. मला ते आवडलं. मी नीटनेटकेपणावर जगलेली बाई आहे, आणि इतकं नीटनेटकं काम मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

पण एका मशीनवर पूर्ण यंत्र होत नाही. पोलादी पत्रा कापायचं लेझर मशीन नांदेडला होतं, आमच्या माहेरच्या गल्लीत वाढलेल्या एका चाचांकडे. मला ते लहानपणापासून ओळखत, म्हणून 'बाई', म्हणजे मोठी बहीण, म्हणत. संगणकावरचा लेथ उदगीरला होता, एका अण्णांकडे. कपाळावर तीन बोटं विभूती लावून ते मशीनपुढे उभे राहत आणि पहिला जॉब लावण्याआधी मशीनलाही लावत. जॉब म्हणजे करायला घेतलेला भाग. आमच्या तिन्ही शेडमध्ये हाच शब्द चाले.

एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर जायचं. मामा म्हणायचा, "फाइल कमी आणि फोन जास्त." कारण फाइलीत नुसत्या रेघा. माप मिलिमीटरमध्ये की इंचात, मोजणीचं शून्य कुठल्या कोपऱ्यात, धातू कोणता, यातलं काहीच त्या रेघा सांगत नसत. तिघांची सॉफ्टवेअरंही वेगळी. नांदेडला काढलेलं गोल भोक उदगीरला उघडलं की त्याच्या जागी बारीक बारीक सरळ रेघांचा बहुकोन दिसायचा. मग फोन. "चाचा, हे काय पाठवलंय?" "अरे बेटा, गोलच हाय ते! तू गोल समज नं!"

जगात यासाठी नियमावल्या आहेत. एका देशात काढलेलं ड्रॉइंग दुसऱ्या देशातल्या मशीनने न विचारता कापावं, एवढ्यासाठी विद्वान लोक वर्षानुवर्षं बसून त्या तयार करतात. मामाने मला त्यातली काही प्रकरणं छापून आणून दिली. भाषा माझी होती, विषय माझा नव्हता. तरी मी वाचली आणि एक गोष्ट समजली. या नियमावल्या मोठ्या कारखान्यांसाठी आहेत. तीन गावांतल्या तीन शेडना त्यातलं मूठभर पुरेल, पण ते मूठभर निवडून, सगळ्यांच्या मशीनवर तपासून, सगळ्यांना समजेल असं लिहायला हवं. निवडायचं आणि तपासायचं काम मामाचं, लिहायचं माझं. रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसायचो. तो लॅपटॉपवर, मी कागदावर. आयुष्यात मुलाबरोबर इतकं बोलायला मला कधी मिळालं नव्हतं. आता वाटतं, त्या सगळ्या खटाटोपातून हाती लागलं ते एवढंच.

ठरलं ते असं. सगळ्यांच्या सॉफ्टवेअरला उघडता येईल अशा एकाच प्रकारची फाइल पाठवायची. ती उघडली की आधी एक चौकट दिसेल आणि चौकटीत ठरलेल्या क्रमाने पाच गोष्टी असतील: माप कशात, शून्य कुठे, धातू कोणता, आधी कापायची बाजू कोणती, आणि माल किती ठेवला आहे. चौकट वाचायची आणि कापायचं. फोन करायचा नाही.

बैठका आमच्या शेडमध्ये होत. मी चुरमुऱ्यांची सुशीला करून न्यायची, कधी धपाटे. चाचा अर्धापुरी केळ्यांचा घड घेऊन येत. शून्यावरून जी बैठक झाली तिची आठवण आली की मला अजून हसू येतं.

मामा म्हणाला, "शून्य जॉबच्या मधोमध धरू."

"मधोमध कामून?" चाचा म्हणाले. "माझं शून्य डाव्या कोपऱ्यात हाय. मशीन आलं तवापासून तिथंच हाय. त्याला काय तरास हाय तिथं?"

"चाचा, शून्याला त्रास नसतो."

"मग राहू दे नं त्याला!"

अण्णा गोल जॉब करणारे. ते शांतपणे केळं सोलत म्हणाले, "गोल जॉबाला कोपरा कुठला हो, चाचा? तुमचं शून्य माझ्याकडं आलं तर बसंल कुठं?"

"उदगीरला जागाच न्हाई का बसायला?"

"हाय की. पण आमच्याकडं आलं की कानडी बोलाया लागंल. मग परत घेचाल का?"

शेवटी, ज्याने ड्रॉइंग काढलं त्यानेच शून्यावर फुली मारायची असं ठरलं. मी ते लिहून वाचून दाखवलं. "हाव," चाचा म्हणाले. "हाव," अण्णा म्हणाले. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईने लिहून आणलेल्या कागदाला कोणी नाही म्हणत नाही.

पाचव्या ओळीवर मात्र काहीच चर्चा झाली नाही, आणि सगळं तिथेच होतं. ती ओळ नीट सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

वर्कशॉपमध्ये जॉब कापताना शेवटच्या सफाईसाठी केसाएवढा जास्तीचा धातू शिल्लक ठेवतात. त्याला माल ठेवणं म्हणतात. दांडा किंचित जाड ठेवायचा, भोक किंचित लहान ठेवायचं. कारण जास्त असलं तर काढता येतं, कमी पडलं तर घालता येत नाही. हे वाक्य तुमच्या आजोबांच्या तोंडी असायचं. चाचा तेच म्हणत आणि अण्णाही तेच. आमच्या नियमात लिहिलं होतं की माल किती ठेवला ते पाचव्या ओळीत येईल. तिथे शून्य असेल तर माप शेवटचं समजायचं आणि कोणीही आपल्या मनाने काही ठेवायचं नाही. मी वाचलं. दोघं म्हणाले, "हाव, बराबर हाय."

त्याच सुमाराला पुण्याकडच्या एका कारखान्याचे खरेदी बघणारे साहेब लातूरला आले. डाळ मिलमध्ये धान्य वर चढवणाऱ्या यंत्राला लागते तशी गिअरची पेटी त्यांना हवी होती, दर महिन्याला आणि पुढची काही वर्षं. त्यांनी आमची चौकट बारकाईने पाहिली. म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. एक पेटी करून दाखवा. तीन गावांत तीन भाग करा, माझ्यासमोर जोडा. जोडताना फक्त पाना चालेल, दुसरं काही नाही."

ते गेल्यावर मामा माझ्याजवळ येऊन बसला. चाकणची माणसं त्याला परत बोलावत होती, हे मला ठाऊक होतं. एकट्याच्या मशीनला पुरेसं काम मिळत नव्हतं, हेही दिसत होतं. आठवड्यातले कितीतरी दिवस मशीनवर कापड झाकलेलं असे.

"आई, हे जमलं तर मी इथंच. नाही जमलं तर जातो. मग उगाच थांब म्हणू नकोस."

"नाही म्हणणार," मी म्हणाले.

जोडणीच्या दिवशी शेड धुऊन काढली होती. नांदेडहून चाचा बाजूच्या प्लेटी घेऊन आले, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या. उदगीरहून अण्णांनी दांडे आणले. ज्यात बेअरिंग बसतं ती घरं आमच्या मशीनवर झाली होती. टेबलावर पांढरं कापड अंथरून मामाने सगळे भाग मांडले. साहेब खुर्चीवर बसले आणि मी सुशीलाच्या बशा भरत होते.

मामाने दांडा उचलून बेअरिंगमध्ये सरकवला. तो टोकाशीच अडला. त्याने दांडा काढला, फडक्याने पुसला, परत लावला. परत अडला. मग बेअरिंग बाजूला ठेवून त्याने प्लेट घेतली आणि बोल्ट घालून पाहिला. बोल्टही आत जाईना. मला वाटलं, घाबरल्यामुळे त्याचा हात वाकडा जात असेल.

"सरक बेटा," चाचा म्हणाले. त्यांनी बोल्ट भोकावर धरला, डोळा बारीक केला आणि हसले. "काय न्हाई झालं. केसाएवढं हाय. पाच मिंटाचं काम हाय."

आणि त्यांनी पिशवीतून कानस काढली.

नियम लिहून झाले होते, चौकट ठरली होती, साहेब समोर बसले होते आणि फक्त पाना चालेल असं बजावलं होतं. तरी चाचा नांदेडहून निघताना कानस सोबत घेऊन निघाले होते. अण्णांच्या खिशातून पॉलिश पेपरची घडी निघाली. दोघंही कामाला लागले. अण्णा दांडा हातात फिरवत घासू लागले, चाचा जे भोक समोर येईल त्याच्या कडेने कानस चालवू लागले. मामा म्हणाला, "चाचा, थांबा." त्यांना ऐकू गेलं नाही. दोघांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की दुसऱ्यांदा थांबा म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

थोड्याच वेळात पेटी जोडून झाली. चाचांनी दांड्याला बोटाने टिचकी मारली. तो गरगर फिरला, आवाज न करता.

"बगा साहेब! लोण्यावानी फिरतंय! बसलं का न्हाई?"

साहेब उठले. त्यांनी स्वतः दांडा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "छान फिरतोय. हात चांगला आहे तुमचा, चाचा. पण ही एक पेटी झाली. माझ्याकडे भागांचा ढीग येणार, तो दुसऱ्या राज्यात उघडणार आणि भलतीच माणसं जोडणार. तिथे मी तुम्हाला कुठून आणू?"

"बोलवा नं! येतो की!" चाचा म्हणाले, आणि साहेबांसकट सगळे हसले.

मामा हसला नाही. साहेबांनी बशी संपवली, मला म्हणाले की असा पदार्थ पुण्यात मिळत नाही, आणि मोटारीत बसून गेले. काम त्यांनी दुसरीकडे दिलं. तसं कळवलंही, सभ्यपणे.

संध्याकाळी आम्ही दोघं शेडमध्ये होतो. मामा सुट्या भागांची मापं परत घेत होता. अण्णांच्या एका जादा दांड्याला मापक लावून म्हणाला, "जाड." चाचांच्या उरलेल्या प्लेटीचं भोक मोजून म्हणाला, "लहान." दोन्ही फाइलींच्या पाचव्या ओळीत शून्य होतं. मी म्हणाले, "म्हणजे तुझं तेवढं बरोबर होतं." त्याने बेअरिंगच्या घराला मापक लावला, काढून पुसला आणि परत लावला.

"मीपण ठेवला होता, आई."

"काय?"

"माल. चौकटीत शून्य मीच टाकलं आणि मशीनवर माप टाकताना थोडं कमी टाकलं. वाटलं, बाजारचं बेअरिंग जरा बारीक आलं तर घरात खुळखुळेल. हात गेलाच."

शेडला कुलूप लावायला त्याला किल्ली सापडेना. ती त्याच्या हातातच होती.

मला माझ्या आईची आठवण झाली. नांदेडला आमच्या दारावर धान्य विकायला बायका येत. मापटं भरून त्यावर हाताने शीग चढवावी लागे, धान्य कडेवरून खाली ओघळेपर्यंत. जिने माप काठोकाठ भरून वर हात फिरवून सपाट केलं, तिच्याकडून आई पुन्हा घेत नसे. म्हणे, "मापानं मोजणारी बाई मनानं कोती." सपाट माप हे कोतेपण आणि शिगेचं माप हे इमान, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. तिन्ही शेडमधली माणसंही अशाच घरांतली. त्या माणसांकडून आम्ही सपाट माप लिहून घेतलं होतं.

पुढच्या बैठकीला चाचा आले, अण्णा आले, केळी आली. मामाने सगळी मापं समोर ठेवली आणि कोणाला न दुखवता समजावून सांगितलं. स्वतःचंही सांगितलं. म्हणाला, असंच दुसरं गिऱ्हाईक शोधू, पण यावेळी पाचवी ओळ पाळू.

चाचा थोडे दुखावले. "बेटा, केसभर जास्त ठेवलं त्यात दगाबाजी काय झाली? कमी तर न्हाई न दिलं कुनाला? माझ्या बापानं हेच शिकवलं."

"दगाबाजी म्हणत नाही, चाचा. पण फाइलीत शून्य लिहिलं तर शून्यच पाहिजे."

"लिवलं होतं की शून्य. तेच्यावर थोडं आपलं."

"चाचा, त्या 'थोडं आपलं'मुळंच गेलं सगळं."

अण्णा केळ्याचं साल दुमडत म्हणाले, "पुढच्या बारीला न्हाई ठेवायचं. हाव. पाळू." चाचाही म्हणाले, "हाव." मामाने त्या दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं होतं, मलाही कळलं होतं. ती दोघं खोटं बोलत नव्हती. मनापासून हो म्हणत होती आणि पुढच्या वेळी मनापासून केसभर ठेवणार होती. आणि त्याला आता स्वतःच्या हाताचाही भरवसा उरला नव्हता. दुसरं गिऱ्हाईक त्याने शोधलं नाही.

उन्हाळ्यात मशीन विकलं. घेणारे परभणीकडचे होते. क्रेनने उचलताना मामाने स्वतः त्याच्या दाराला दोरी बांधली, काच फुटू नये म्हणून. नंतर तो चाकणला गेला. मी थांब म्हणाले नाही. तसं ठरलंच होतं.

तिथे त्याचं काम कसं आहे ते मी एकदा विचारलं. म्हणाला, ड्रॉइंग परदेशातून येतं, मशीनमध्ये जातं, जॉब बाहेर येतो, बसतो. कोणी कोणाला फोन करत नाही. मी म्हणाले, "म्हणजे तुला हवं होतं तसंच." तो म्हणाला, "हो."

आम्ही लिहिलेली नियमावली माझ्या कपाटात आहे. लिखाण म्हणून ती चांगली आहे, हे मी इंग्रजीची बाई म्हणून सांगू शकते. वाक्यं लहान आहेत, कुठे संदिग्धता नाही. ती वापरणारं या भागात कोणी नाही, आणि पुढेही कोणी असेल असं मला वाटत नाही. अण्णांनी लेथ मुलाच्या हवाली केला. तो मुलगा आता त्याच शेडच्या अर्ध्या भागात मोटारसायकली दुरुस्त करतो. चाचांचं लेझर मशीन गेटच्या जाळ्या कापतं. जाळीवर वेलबुट्टी असली काय नि मोर असला काय, केसभर इकडेतिकडे झालं तरी कोणाला कळत नाही.

गेल्या महिन्यात अडत्याने तक्रार केली की शेडच्या दाराची कडी तुटली आहे आणि पोती उघड्यावर पडल्यासारखी आहेत. मी माप घेतलं, मिलिमीटरमध्ये. कडीची नवी पट्टी चाचांना सांगितली. फोनवरून नाही, व्यवस्थित आकृती काढून पाठवली. भोकाचं माप लिहिलं, धातू लिहिला आणि खाली 'माल शून्य' असंही लिहिलं. सवय.

चाचा स्वतः घेऊन आले, केळ्यांसकट. आता त्यांना एस.टी.तून उतरताना हात द्यावा लागतो. आम्ही दारापाशी गेलो. त्यांनी पट्टी लावली. जुन्या खिळीवर ती बसेना.

"चाचा, शून्य लिहिलं होतं."

"वाचलं की मी," ते म्हणाले. "बाईनं लिवलेलं न वाचून कसं चालंल?" आणि त्यांनी उभ्याउभ्याच पिशवीत हात घातला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. तुमचा मामा होता. जेवणाच्या सुट्टीत तो रोज करतो. मी म्हणाले, जेवलास का. तो म्हणाला, हो, तू? मग मध्येच थांबला.

"आई, तो आवाज कशाचा?"

मी चाचांकडे पाहिलं. पत्र्याच्या दाराला टेकून, मान तिरकी करून ते भोक मोठं करत होते. लोखंडाचा कीस सोयाबीनच्या पोत्यावर पडत होता.

"कानसीचा," मी म्हणाले.

कानस चालत होती आणि आम्ही दोघं दोन गावांत ती ऐकत उभे होतो. मग त्याच्याकडे सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

"बसली बगा, बाई!" मागून चाचा म्हणाले.